हाराआडचे खांदे

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो खिडकीकडे धरून पाहिला आणि मला सायकल चालवायला सांगितली. भिवंडीत. डॉक्टर ठाण्याचे होते, त्यांचा तरी काय दोष. मी आमच्या रस्त्यांचं थोडक्यात वर्णन केलं, तेव्हा त्यांनी एका जागी उभी असलेली सायकलही चालेल अशी सवलत दिली.

तशी सायकल आमच्या आळीमागच्या तालमीत होती. माझ्या लहानपणी त्या तालमीच्या दारावरून जाताना मुलींनी मान खाली घालायची पद्धत होती. आता तिथे सकाळी लेडीज बॅच भरते. लाल मातीचा हौद बुजवून वर रबराची चटई अंथरली आहे, मुद्गल कोपऱ्यात ओल्या छत्र्यांसारखे उभे करून ठेवले आहेत आणि तालमीचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी आहे. शाळेत निबंधाची पहिली ओळ लिहिताना त्याला घाम फुटायचा. आता तो दुसऱ्यांना घाम फोडतो.

पहिल्या दिवशी त्याने मला सायकलवर बसवलं आणि समोरच्या भिंतीला हात जोडले. "बाई, आधी नमस्कार करायचा. आपले गुरुजन."

भिंतीवर उंच, छताला लागून, काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या सात तसबिरी होत्या. मधली तालमीच्या वस्तादांची. त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना कुस्ती शिकवली होती, त्यांची अंत्ययात्रा मला आठवत होती. त्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा तरुण. अंगाला तेल चोळलेले, कुणी चड्डीत, कुणी लुंगीत, एकजण चक्क बेलबॉटममध्ये. सातही तसबिरींना चंदनाचे हार.

"एवढे सगळे इतक्या तरुणपणी गेले?" मी विचारलं.

"गेले ना बाई. तेव्हा औषधं कुठे होती."

सायकलवर बसलेल्या माणसाला पाहायला समोरची भिंत तेवढीच असते. मी दोन-तीन सकाळी ती पाहिली आणि एकदम पायडल थांबवलं. उजवीकडच्या टोकाचा, चौकड्याची लुंगी नेसलेला, खांदा पुढे काढून आपल्याकडे किंचित कंटाळून बघणारा तरुण माझ्या ओळखीचा होता. तो माझ्या भूगोलाच्या वहीवर होता.

माझे वडील बाजारात कापडाच्या पेढीवर कारकून होते. छपाईत रंग सरकलेली लुंगीची लेबलं पेढीवर टाकाऊ ठरली, की ती आमच्या घरी येत आणि आम्हा भावंडांच्या वह्यांना कव्हर म्हणून चढत. आठवीत आमच्या बाईंनी माझी वही वर्गासमोर उंच धरली होती. "ही भूगोलाची वही आहे, शरीरशास्त्राची नाही," असं म्हणून त्यांनी मला कव्हर उलटं घालायला लावलं. मी उलटं घातलं. पण कागद पातळ होता आणि उजेडात धरला की तो आतून दिसायचा. भारतातल्या मृदांचे प्रकार मी त्याच्या साक्षीने पाठ केले.

तेव्हा रंग सरकल्यामुळे जे कळलं नव्हतं ते आता कळलं. हा फोटो फार सुंदर होता. सहाही फोटो एकाच हाताचे होते. उजेड बाजूने आणि वरून येत होता, पण अंगावर आदळत नव्हता; दुधातून गाळल्यासारखा उतरत होता. खांद्यांवर, दंडांवर बारीक चमक होती, पहाटे गवतावर असते तशी. आणि पोरांच्या चेहऱ्यांवर शरीरसौष्ठव स्पर्धेतला तो दात विचकणारा पराक्रम अजिबात नव्हता. ती नुसती उभी होती, आपल्याला कुणीतरी नीट बघतंय एवढं समजून.

मी अध्यक्षाला म्हटलं, "अरे, हा लुंगीच्या जाहिरातीतला आहे."

तो दुखावला. "बाई, काय बोलता. ते अंगावरचं तेज बघा. तेज असं लुंगीवाल्याच्या अंगावर येतं का?"

मग त्याने मला एक बातमी दिली. महिन्याअखेर तालमीचं उद्घाटन होतं. तालीम जुनीच, पण आरसे नवीन. ती अख्खी भिंत आरशांची होणार होती आणि वर एक फ्लेक्स, ज्यात अध्यक्षाचा दंड छपाईवाल्याने स्वतःच्या उत्साहाने थोडा वाढवला होता.

"आणि हे फोटो?"

"ते काय कचऱ्यात टाकतो का आम्ही? पूजेतले आहेत. उद्घाटनाच्या सकाळी टेम्पो सजवायचा, बँड लावायचा आणि अंजूरच्या खाडीत विसर्जन. देवाची जुनी तसबीर सोडतात तसं. एकदम रिस्पेक्टने."

माणसाने एखाद्या गोष्टीचा अपमान करायचं ठरवलं तर त्याला अडवता येतं. रिस्पेक्टपुढे काही चालत नाही.

लेबलांचे फोटो कोण काढायचं हे मला वडिलांमुळे माहीत होतं. बाजारात एक स्टुडिओ होता. तिथे गेले तर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. आतल्या मुलाला विचारलं.

"वो फोटोवाले चाचा? अंजूर में रहते हैं, बेटी के पास."

"हैं ना अभी?"

"परसों तक तो थे. कवर लेके गए."

अंजूरला रिक्षाने गेले. पूर्वी भात दिसायचा तिथे गोदामं आहेत, त्यांच्यामध्ये अजून काही घरं तग धरून आहेत. त्यातल्या एका घराच्या ओट्यावर ऐंशी पार केलेले एक गृहस्थ लेंगा-बनियनवर बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होते. मी माझी ओळख पेढीवरच्या कारकुनाची मुलगी अशी करून दिली. त्यांना वडील आठवले. मग मी फोटोंबद्दल सांगितलं आणि ते शेंगा बाजूला ठेवून उभेच राहिले.

"तालमीत आहेत अजून?"

त्यांचं बाकी काहीच उरलं नव्हतं. एका पावसाळ्यात नदी बाजारात शिरली आणि स्टुडिओच्या माळ्यापर्यंत चढली. निगेटिव्हचे सगळे डबे गेले. पेढ्यांसाठी काढलेले फोटो लेबलांवर, खोक्यांवर, माहितीपत्रकांवर छापले गेले. लुंगी नेसली की लेबल चुलीत. वस्तादांना प्रेमाने दिलेले हे सहा फोटोही कधीच गेले असतील, असं ते धरून चालले होते.

"पेढ्यांना मुंबईचे मॉडेल कुठले मिळायला," ते सांगू लागले. "मी वस्तादांकडून पोरं मागायचो. वस्ताद म्हणायचे, ने, पण मी समोर बसणार. म्हणजे मी फॅशनचे फोटो काढतोय आणि समोर खुर्चीत वस्ताद, मांडीवर काठी. कोण हसेल? म्हणून ती पोरं इतकी गंभीर दिसतात. शर्ट छातीला मावायचा नाही, तो मागून उभा फाडायचा. पँट कमरेला सैल, तिला मागून कपड्यांचे चिमटे. पुढून साहेब, मागून दोरीवरचं वाळवण."

"आणि तो उजेड?"

"शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात. ओळखीच्या कारखान्यात आम्ही शुक्रवारी जायचो. वर काचेची कौलं, आणि आठवडाभर उडालेला कापूस हवेत तसाच तरंगत असतो. उजेड त्यातून गाळून येतो. लोक असल्या उजेडासाठी पडदे नि छत्र्या आणायचे परदेशातून. मला भिवंडीने फुकट दिला."

"खांद्यांवर चमक आहे ती?"

"कापूसच. तेल लावलेलं अंग, सगळा भुगा चिकटायचा. पोरं शिंकून बेजार."

तर हे तेज. मी त्यांना हळूच सांगितलं, की तेज फार झाल्यामुळे त्या सहा जणांना दिवंगत ठरवण्यात आलं आहे आणि त्यांना हार घातले आहेत. त्यांनी विचार केला. "वस्ताद गेले तेव्हा त्यांना हार घातला असणार. मग ओळीत एकालाच हार वाईट दिसतो, म्हणून कुणीतरी सगळ्यांना घातला." आणि मग, खऱ्या काळजीने: "हार खांद्यावर येतो का हो?"

विसर्जनाचं सांगितलं तेव्हा ते खाडीकडे बघून म्हणाले, "एकदा पाण्याने न विचारता नेले. आता हे बँड लावून देतायत. आणि तेही माझ्या दारावरून." ते तालमीत जाऊन भांडायला तयार नव्हते. "माझे फोटो चांगले आहेत, ठेवा, असं मी कसं सांगू? ते दुसऱ्याने म्हणायचं असतं."

मी म्हणून पाहिलं. अध्यक्षाने माझं छायाचित्रकलेवरचं विवेचन आदराने ऐकून घेतलं, शाळेत ऐकायचा तसंच, म्हणजे खिडकीबाहेर बघत. मग मी शेवटचं अस्त्र काढलं.

"अरे, यातली माणसं जिवंत असली तर? जिवंत माणसाचा हार घातलेला फोटो पाण्यात सोडणार तू?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. ही गोष्ट कुठल्याच घटनेत, कुठल्याच नियमात बसत नव्हती, पण अंगावर काटा आणण्यात बसत होती. "असं नका बोलू बाई. पण प्रूफ काय? एक तरी माणूस आणून दाखवा."

आम्ही, म्हणजे मी आणि फोटोग्राफरकाका, कामाला लागलो. दोघे खरोखरच गेले होते. बेलबॉटमवाला लूमवर काम करायचा, तो आता उत्तर प्रदेशात आपल्या गावी. त्याच्या भाच्याने फोन लावून दिला. "हम तो ठीक हैं," तो म्हणाला, "हार किसने चढ़ाया?" पण फोनवरचा आवाज अध्यक्षाने पुरावा म्हणून नाकारला. दोघांचा पत्ताच नव्हता. राहिला माझा लुंगीवाला. काकांना एवढंच आठवत होतं, की तो अंबाडीकडून यायचा आणि भाताची पोती उचलून उजवा खांदा पुढे आला होता.

अंबाडी नाक्यावर एसटीतून उतरलो आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. इथे माझ्याकडून व्हायची ती चूक झाली. फोटो तालमीतच काढलेला होता, हारासकट.

म्हाताऱ्याने मोबाइल दूर धरला, जवळ धरला. "आरं द्येवा. ह्यो कवा गेला? सकाली त माझ्यासमोर दूध घालून गेला."

मी खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत टपरीवरची दोन माणसं मोटरसायकलवर बसून निघूनही गेली होती. आम्ही रिक्षा करून त्यांच्या मागोमाग त्या घरी पोचलो तेव्हा अंगणात पाचसहा माणसं खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती, आणि ओट्यावर मयत भाकरी खात बसलं होतं.

डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, पण खांदा तोच. दारात कमरेवर हात ठेवून त्याची बायको.

"कोन तुमी? आन ह्येंना कोनी मारला?"

"मी मेलू कवा?" तो घास तसाच धरून म्हणाला. "मना त कोनी सांगला न्हाय."

मग त्याला काका दिसले आणि त्याने भाकरी खाली ठेवली. काका म्हणाले, "शिंका थांबल्या का रे?" आणि तो इतका हसला, की जमलेली मंडळी जरा नाराज होऊन पांगली. ती आली होती वेगळ्याच कामाच्या बेताने.

सगळी हकीकत ऐकल्यावर तो नको म्हणाला. भिवंडीत जाऊन लोकांसमोर उभं राहायचं, मी तोच म्हणून सांगायचं, लाज वाटते. नातवंडं आहेत. त्याच्या बायकोने मध्येच त्याला थांबवलं.

"माज्या बापाने बाजारातशी लुंगी आनलेली," ती मला म्हणाली. "तिच्या लेबलावं ह्ये. बाप बोलला, असा पोऱ्या पायजे. बघतो त ह्योच पोऱ्या, वरच्या पाड्याचा. मी लगेच हो बोलली. लगीन करून आली त काय, रातभर शिंका. लेबलावं शिंका दिसत न्हाय."

"मग आता काय त्येचा?" तो पुटपुटला.

"त्या लेबलाची चूल पेटवली तुमच्या आयेने. मना परत बघाचाय तो फोटो. जायाचा."

उद्घाटनाचा रविवार उजाडला. तालमीसमोर बँड, झेंडूने मढवलेला टेम्पो, त्यात पाटावर मांडलेल्या तसबिरी. फक्त वस्तादांची, आरशांच्या वर, भिंतीवरच राहणार होती, बाकी सहांचं प्रस्थान. प्रमुख पाहुणे यायचे होते. प्रमुख पाहुणे ही यायची असणारीच जमात आहे. अंबाडीची गाडीही यायची होती. मी कोपऱ्यावर उभी राहून रस्ता बघत होते. काका मात्र लवकर येऊन टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर सहातली एक तसबीर. "सोडणारच असतील तर मी बरोबर जातो," ते म्हणाले. "घर तिकडेच आहे." ते काचेवरचा हार बोटाने बाजूला सरकवत होते, तो परत खांद्यावर येत होता.

अध्यक्षाने घड्याळ बघितलं आणि बँडला खूण केली. टेम्पो सुरू झाला. तेवढ्यात समोरून एक रिक्षा आली आणि टेम्पोच्या नाकासमोर थांबली. आतून आधी पिशवी घेतलेली बायको उतरली, मग इस्त्रीचा शर्ट घातलेला तो.

"हे कोण?" अध्यक्षाने विचारलं.

"तुझे गुरुजन. नमस्कार कर."

त्याने फोटो पाहिला, माणूस पाहिला. "बाई, तुम्ही कुठलेही आजोबा आणून उभे कराल."

काका टेम्पोतून उतरले. अध्यक्षाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ त्या माणसासमोर चार हात अंतरावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शर्ट काढ."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पिशवीतून चौकड्याची लुंगी काढून पँटवरूनच त्याच्या कमरेला गुंडाळली. "काढा आता. सगला बाजार बघतेय."

"उजवा खांदा दे," काका म्हणाले. "अजून. हनुवटी खाली. माझ्याकडे नको बघू, वस्तादांकडे बघ. पोट आत."

"पोट जात न्हाय."

"मग श्वास तरी घे."

त्याने श्वास घेतला. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पोट होतं तिथेच राहिलं, टक्कलही. पण मानेपासून दंडापर्यंतची एक रेघ उठून जागेवर आली आणि डोळ्यांत तो कंटाळा उतरला, समोर काठी घेऊन वस्ताद बसलेत असा. सनईवाल्याने सनई तोंडातून काढली. माझ्या भूगोलाच्या वहीचं कव्हर रस्त्यात उभं होतं.

अध्यक्षाने एकदा तसबिरीकडे बघितलं आणि काही बोलायच्या आत वाकून त्या माणसाच्या पाया पडला. विचार करून नव्हे. इतकी वर्षं या खांद्याला हात जोडल्याशिवाय त्याने डंबेल उचललं नव्हतं. शरीराला सवय होती. त्याच्यामागे तालमीची सगळी पोरं रांगेने वाकली. म्हातारा श्वास रोखून उभाच.

"सोड आता," काका म्हणाले, तेव्हा त्याने श्वास सोडला आणि शिंकला.

बँड दुपारपर्यंतचा ठरलेला होता, तो फुकट कसा घालवायचा म्हणून अध्यक्षाने त्या नवरा-बायकोला टेम्पोत बसवून बाजारातून मिरवून आणलं. परत येईतो प्रमुख पाहुणे आले. भाषण आधीच लिहिलेलं असल्यामुळे त्यांनी सहाही दिवंगत गुरूंना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. त्यातला एक दिवंगत पुढच्या रांगेत लुंगी नेसून बसला होता. त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या.

फोटो भिंतीवर परत गेले, अजून न बसवलेले आरसे बाजूच्या भिंतीवर सरकले आणि फ्लेक्सला जागाच उरली नाही. अध्यक्षाला एकच शंका होती. "जे खरंच गेलेत, त्या दोघांचे हार ठेवायचे ना?"

"वस्तादांचा ठेव," काका म्हणाले. "बाकीच्यांचे काढ. सगळ्यांचे. मी खांदे काढलेत, ते दिसू देत." आणि ते स्टुलावर चढू लागले, तेव्हा दोन पोरांनी त्यांना धरलं. प्रत्येक हार त्यांनी स्वतः काढला. शेवटचा निघाल्यावर ते खाली उतरून मागे मागे सरकत गेले, माझ्या सायकलला टेकेपर्यंत. मग म्हणाले, "बरे आलेत की." जणू काल धुऊन वाळत घातले होते.

लुंगीवाल्याची बायको तोवर फोटोखाली उभी होती. तिने फोटो पाहिला, नवऱ्याला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"खोटा नव्हता म्हंजे," ती म्हणाली. मग काकांकडे वळून, "ह्याचा एक मना मिलंल?"

काका एकदम ताठ झाले. कित्येक वर्षांत कुणी त्यांना फोटो मागितला नव्हता. "मिळेल ना. फ्रेममधून काढून, त्याचा फोटो काढून, परत मोठा करावा लागेल. शुक्रवारी करू, उजेड बघून. साइज काय?"

"कपाटाच्या दाराएवढा."

"कपाटाच्या?"

"भिंतीवं न्हाय लावाची," ती म्हणाली. "लोकं हार घालतान. दाराला आतून लावीन. मी उघडंल तवा दिसंल."

तिचा नवरा शर्टाची बटणं लावत होता. ती त्याने चुकीच्या काजात लावली, परत सोडली आणि आमच्या सगळ्यांकडे पाठ करून पुन्हा लावू लागला.